मल्टिचॅनेल डेटा लॉगर: वायर जोडण्यापासून फाईल उघडेपर्यंत लोक मला काय काय विचारतात

मी फोंड्याचा, काम इन्स्ट्रुमेंटेशनचं, आज कुंडईला तर उद्या वेर्ण्याला, मधूनमधून इंजिनिअरिंगच्या पोरांचे प्रोजेक्ट. तेच तेच प्रश्न फोनवर येतात आणि दरवेळी स्कूटर कडेला लावून उत्तर द्यावं लागतं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. हे कुठल्या एका कंपनीच्या डब्याबद्दल नाही, ८ चॅनेलचा घ्या नाहीतर ३२ चा, लॉगर घ्या नाहीतर यूएसबीवालं डॅक, त्रास तोच.

लॉगर आणि डॅक यात फरक काय?

दोघेही सेन्सरचे आकडे वाचणारे डबे, आणि एक सेन्सर जोडायची जागा म्हणजे एक चॅनेल. लॉगर एकटा राहतो, त्याची स्वतःची मेमरी, स्वतःचं घड्याळ, कॉम्प्युटर नसला तरी लिहीत बसतो. डॅक कॉम्प्युटरला चिकटलेलं असतं, वेगाने वाचतं, पण कॉम्प्युटर झोपला की तेही झोपलं. कोल्ड रूमचं टेंपरेचर महिनाभर बघायचं तर लॉगर, मोटरचं व्हायब्रेशन बघायचं तर डॅक.

किती चॅनेलचा घेऊ?

पॉईंट मोजा आणि वर दोनचार जास्त धरा, एखादा चॅनेल मरतोच. पण खरी गंमत कॅटलॉगमध्ये असते. "१६ चॅनेल" असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं ते सिंगल एंडेड, म्हणजे सगळ्या सेन्सरचं मायनस एकाच ठिकाणी जोडलेलं. डिफरेंशियल लावलं, म्हणजे प्रत्येक सेन्सरचं प्लस मायनस वेगळं, की १६ चे ८ होतात. आणि थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा टेंपरेचर सेन्सर), लोड सेल (वजनाचा सेन्सर) असले मिलीव्होल्टवाले सेन्सर असतील, वायर लांबची असेल तर डिफरेंशियलच लावायचं, त्यात घासाघीस नको. म्हणजे १२ थर्मोकपलसाठी "१६ चॅनेल" मागवलात तर ४ उपाशी राहणार. हे विकणारा आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.

१६ बिट की २४ बिट?

बिटच्या आधी रेंज बघा, बिट नंतर. १६ बिट म्हणजे ६५,५३६ पायऱ्या. रेंज अधिकउणे १० व्होल्टची ठेवली तर २० व्होल्ट भागिले ६५,५३६, म्हणजे एक पायरी साधारण ०.३ मिलीव्होल्टची. आता के टाईप थर्मोकपल एका डिग्रीला देतो सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट, म्हणजे एक पायरी झाली सात डिग्रीची! टेंपरेचर २८ वरून एकदम ३५ वर उडी मारतं आणि लोक म्हणतात सेन्सर खराब. सेन्सर बिचारा ठीक आहे. तोच डबा अधिकउणे ८० मिलीव्होल्टच्या रेंजवर टाका, पायरी येते अडीच मायक्रोव्होल्टच्या आत, म्हणजे ०.०६ डिग्री. तोच डबा, तेच बिट, फक्त सेटिंग बदललं.

२४ बिट चांगलंच आहे, पण त्यातले शेवटचे काही बिट नॉईजच खातं, आणि ते सावकाश वाचतं. त्यात विजेच्या लाइनचा नॉईज गाळायच्या फिल्टरची सेटिंग असते ५० हर्ट्झ की ६० हर्ट्झ, बाहेरून आलेल्या डब्यांत बरेचदा ६० वर असते, ती आपल्याकडे ५० वर करायला विसरू नका.

सॅम्पलिंग रेट किती ठेवू? जास्त ठेवला तर बरं ना?

नाही हो. कोल्ड रूमचं टेंपरेचर सेकंदाला हजारदा वाचून काय करणार, हवा काय पळून जाते? १० सेकंदाला एकदा पुष्कळ झालं. उलट १४४० आरपीएमची मोटर म्हणजे २४ हर्ट्झ, तिथे निदान ४८ च्या वर तर हवंच, आणि बेअरिंगचा आवाज बघायचा असेल तर हजारांत. नियम असा की सगळ्यात वेगवान हालचालीच्या दुपटीपेक्षा जास्त, आणि प्रत्यक्षात पाचदहा पट धरलेलं बरं.

कमी ठेवलं की काय होतं त्याचा एक नमुना सांगतो. एका ठिकाणी टाकीच्या प्रेशरच्या ग्राफवर २० सेकंदांची छान लाट येत होती, एकदम शिस्तीत, वरखाली वरखाली. तिथल्या लोकांनी दोन दिवस व्हॉल्व्हवर संशय घेतला, व्हॉल्व्ह उघडून परत बसवलासुद्धा. सॅम्पलिंग होतं सेकंदाला १०. लाइनमधला हम, म्हणजे विजेच्या ५० हर्ट्झची गुणगुण, घुसला होता आणि त्या वेळी ग्रिडची फ्रिक्वेन्सी होती ४९.९५ च्या आसपास. सेकंदाला १० ने वाचलं की ४९.९५ चं रूप होतं ०.०५ हर्ट्झ, म्हणजे बरोबर २० सेकंद. प्रेशर हललंच नव्हतं! सेकंदाला १००० ने वाचलं तर खरा ५० चा हम डोळ्याला दिसला, आणि शिल्ड (केबलमधलं जाळीचं आवरण) नीट जोडल्यावर दोन्ही गेले. ह्याला एलियासिंग म्हणतात, आणि एकदा डेटा असा वाचला गेला की नंतर सॉफ्टवेअरमध्ये कितीही फिल्टर लावा, निघत नाही. फिल्टर वाचायच्या आधी हवा.

कॅटलॉगमध्ये लाख सॅम्पल लिहिलंय, मला मिळतात १२ हजारच

सगळ्या चॅनेलचं मिळून लाख. ८ चॅनेल लावले की प्रत्येकाला १२,५००. स्वस्त डब्यात आत व्होल्टचे आकडे करणारा एकच कन्व्हर्टर असतो आणि तो आळीपाळीने सगळ्या दारांवर टकटक करत फिरतो. म्हणून पहिला आणि आठवा चॅनेल एकाच क्षणाचा नसतो. टेंपरेचरला फरक पडत नाही, पण दोन व्हायब्रेशन सेन्सरमधली फेज बघायची असेल तर सायमल्टेनियस सॅम्पलिंगवालाच घ्या, पैसे जास्त पडतात पण इलाज नाही.

चॅनेल ७ ला काहीच जोडलेलं नाही तरी तो आकडे दाखवतो, तेही चॅनेल ६ सारखेच!

भूत नाही. वरच्यासारखंच, कन्व्हर्टर ६ वरून ७ वर आला, आत थोडा चार्ज शिल्लक, ७ वर कोणी नाही त्यामुळे तोच वाचला. मोकळ्या चॅनेलचं प्लस मायनस वायरच्या तुकड्याने शॉर्ट करून ठेवा. एखादा *जोडलेला* चॅनेलसुद्धा शेजाऱ्यासारखा वागायला लागला तर त्याची वायर कुठेतरी सुटलीय असं समजून शोधायला लागा.

थर्मोकपलची कुठली वायर प्लस? लाल ना?

इथेच सगळे पडतात. अमेरिकन रंगांत लाल म्हणजे *मायनस*, के टाईपला पिवळी प्लस आणि लाल मायनस. आयईसी (आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड) रंगांत हिरवी प्लस, पांढरी मायनस. गोडाऊनमध्ये दोन्ही प्रकारची वायर पडलेली असते आणि इलेक्ट्रिशियन सवयीने लाल प्लसला टाकतो. उलटी लागली की गरम केल्यावर आकडा खाली जातो, तेवढं तरी लगेच कळतं. मी खिशात एक छोटं मॅग्नेट ठेवतो, के टाईपची मायनस वायर मॅग्नेटला हलकीशी चिकटते, प्लस चिकटत नाही. रंग उडालेल्या जुन्या वायरीवर ह्याच्यासारखी युक्ती नाही.

वायर कमी पडली, साधी कॉपरची जोडली तर चालेल का?

थर्मोकपलला नाही चालणार. बॉयलरजवळच्या जंक्शन बॉक्समध्ये ५५ डिग्री, तिथून पुढे साधी कॉपर, आणि पॅनेल एसी रूममध्ये २४ डिग्रीवर, तर सगळे आकडे ३१ डिग्रीने कमी येणार. आणि दुपारी वेगळे, रात्री वेगळे, म्हणजे एक ठराविक आकडा मिळवून दुरुस्त करायचीही सोय नाही. एक्सटेन्शन केबलच घ्या, त्याच टाईपची. आणि लॉगरच्या टर्मिनलवर एसीचा किंवा पंख्याचा झोत सरळ पडू देऊ नका, आतला कोल्ड जंक्शनचा सेन्सर (टर्मिनलचं टेंपरेचर मोजून थर्मोकपलच्या आकड्यात मिळवणारा) वेगळं वाचतो आणि स्क्रू वेगळ्या टेंपरेचरला असतात.

पीटी१०० ला (टेंपरेचरप्रमाणे रेझिस्टन्स बदलणारा प्लॅटिनमचा सेन्सर) कॉपर चालते, पण तीन वायरची घ्या. दोन वायरवर २० मीटर अर्धा स्क्वेअर एमएमची केबल टाकली तर जाऊनयेऊन ४० मीटरचा दीडेक ओहम होतो, आणि पीटी१०० एका डिग्रीला ०.३८५ ओहमच बदलतो, म्हणजे फुकटचे चार डिग्री वर.

४-२० मिलिअँपवाला ट्रान्समीटर व्होल्टच्या चॅनेलला कसा लावू?

२५० ओहमचा रेझिस्टर चॅनेलवर, चांगला ०.१ टक्क्यांचा, म्हणजे १ ते ५ व्होल्ट मिळतात. १ च्या बरंच खाली गेलं तर वायर तुटली किंवा सप्लाय गेला. शून्याऐवजी ४ पासून सुरुवात ठेवण्यामागे हेच शहाणपण आहे.

सगळे आकडे नाचतायत, काय करू?

हा प्रश्न आठवड्यातून दोनदा येतो, म्हणून जरा सावकाश.

पहिलं, लॅपटॉप जोडलेला असेल तर त्याचा चार्जर काढा आणि बॅटरीवर चालवा. नाच थांबला? मग चार्जरमधून येत होतं, संपलं. नाही थांबला तर सगळे सेन्सर काढा, एका चॅनेलचं प्लस मायनस तिथल्या तिथे शॉर्ट करा. आता शांत असेल तर लॉगर ठीक, चोर बाहेर आहे. मग एक एक सेन्सर परत लावत जा, ज्याला लावल्यावर नाच सुरू होईल तो धरा. कंटाळवाणं आहे, पण ह्याला शॉर्टकट नाही, आणि फोनवरून तर मी अजिबात सांगू शकत नाही.

बरेचदा निघतं ते असं की सिग्नलची केबल व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) मोटर केबलबरोबर एकाच ट्रेमध्ये झोपवलेली असते. निदान फूटभर लांब ठेवा, क्रॉस करावीच लागली तर काटकोनात. शिल्ड एकाच टोकाला जोडा, लॉगरच्या बाजूला, दुसरं टोक कापून टेप मारा. दोन्ही टोकं जोडलीत तर शिल्डमधूनच करंट वाहायला लागतो.

आणि मग अर्थिंग. आपल्याकडे जमीन चिऱ्याची, पावसाळ्यात सगळं झकास, पण एप्रिल-मे मध्ये पिट, म्हणजे अर्थिंगचा खड्डा, कोरडा ठणठणीत आणि रेझिस्टन्स वर. वेर्ण्याच्या पठारावर एका ठिकाणी ऑगस्टमध्ये मी स्वतः सही करून दिलेली सिस्टिम मे महिन्यात नाचायला लागली, मला वाटलं कोणी हात लावला. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मल्टिमीटर लावला तर ११ व्होल्ट, तिथे दोनतीनच्या आत असायला हवेत. माळ्याला सांगून पिटमध्ये चार बादल्या पाणी ओतलं, बघताबघता ग्राफ शांत. अर्थात तो काही इलाज नव्हे, पिट नवीन करून घ्यावा लागला, पण कारण तर सापडलं. लॉगरसाठी कोपऱ्यात वेगळी "स्वच्छ" अर्थ रॉड ठोकून ती बाकीच्या अर्थला न जोडता ठेवणारे पण भेटतात, ते मात्र करू नका, वीज पडली की दोन अर्थमध्ये हजारो व्होल्टचा फरक येतो आणि तो लॉगरमधून जातो.

टाकीला वेल्ड केलेला ग्राउंडेड थर्मोकपल असेल तर टाकीची अर्थ वेगळी, लॉगरची वेगळी, मधे लूप तयार होतो. अनग्राउंडेड टाईप घ्या, नाहीतर चॅनेल टू चॅनेल आयसोलेशनवाला लॉगर.

आकडा खरा आहे हे घरच्या घरी कसं बघायचं?

सगळ्यात सोपी टेस्ट: थर्मोकपल काढा, टर्मिनलवर साध्या वायरीचा तुकडा लावून शॉर्ट करा. लॉगरने रूम टेंपरेचर दाखवायला हवं. दाखवलं तर चॅनेल आणि कोल्ड जंक्शन दोन्ही ठीक.

मग बर्फ. थर्मासमध्ये ठेचलेला बर्फ गच्च भरायचा, फटी भरतील एवढंच फिल्टरचं पाणी, ढवळायचं, दहा मिनिटं थांबायचं, सेन्सर मधोमध, तळाला टेकवायचा नाही. पीटी१०० क्लास ए असेल तर शून्याला अधिकउणे ०.१५ च्या आत, क्लास बी ०.३. थर्मोकपल क्लास १ चा असला तरी दीड डिग्रीची सूट त्याला असतेच, त्यामुळे ०.८ दाखवलं म्हणून घाबरू नका.

बर्फ मात्र फ्रीजमधला. एकदा पोराला बर्फ आणायला पाठवला तर तो मार्केटमधून मासळीवाल्या बाईकडून पिशवीभर घेऊन आला, बांगड्याच्या वासासकट. सगळे १२ चॅनेल उणे २ च्या खाली. अर्धा तास मी लॉगरवरच डाफरत होतो, मग चव घेऊन बघायची बुद्धी झाली, खारट! मीठ पडलं की बर्फाचं पाणी शून्याच्या खाली जातं.

उकळत्या पाण्याची टेस्टपण आपल्याला जमते कारण आपण समुद्रकाठी, १०० च्या जवळच येतं. फक्त भर पावसात हवेचा दाब १००० हेक्टापास्कलच्या आसपास उतरला की पाणी ९९.६ लाच उकळतं, ते धरून चाला. आणि हे सगळं स्वतःच्या समाधानासाठी. औषधाच्या कंपनीत ऑडिटला हे चालणार नाही, तिथे एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी संस्था) मान्य लॅबचं सर्टिफिकेटच लागतं, आणि कोणी कधी काय बदललं त्याची ऑडिट ट्रेल. एकाच पासवर्डवर सगळी शिफ्ट लॉगिन करत असेल तर आधी ते बंद करा, ऑडिटर पहिलं तेच बघतो.

दमट हवा, खारं वारं, ह्याचं काय?

वास्को, दोना पावला, मिरामारच्या बाजूला वर्षा दोन वर्षात टर्मिनलचे स्क्रू हिरवे होतात. मिलीव्होल्टच्या सिग्नलला तो हिरवा थर म्हणजे अधेमधे गायब होणारा आकडा. तारेच्या टोकाला फेरूल (धातूची टोपी) लावा, नुसती पिळलेली तार नको. ग्लँड (केबल आत घ्यायची बूच) पॅनेलच्या खालच्या बाजूला, आणि केबल आत शिरायच्या आधी खाली एक झोल सोडा म्हणजे पाणी झोलावरून ठिबकतं, आत जात नाही. सिलिका जेलच्या पिशव्या मिरगाच्या आधी बदला.

आणखी एक, चवथीला प्लांट बंद ठेवताना लॉगर चालूच राहू द्या. चालू डबा आतून गरम असतो, दमट धरत नाही. पाच दिवस बंद ठेवून सहाव्या दिवशी चालू केला की आकडे भलतेच, अर्धा तास तापू दे मग बघा.

गडगडाटात काय?

मे अखेर आणि ऑक्टोबर, हे दोन काळ वाईट. सप्लायला सर्ज प्रोटेक्टर सगळे लावतात, सिग्नलच्या वायरीला कोणी लावत नाही, आणि भाटातून (बागेतून) १०० मीटर पंपापर्यंत गेलेली वायर हाच खरा अँटेना. लांबच्या पॉईंटला वायरलेस किंवा फायबर टाका. जमत नसेल तर निदान गडगडायला लागल्यावर प्लग-इन टर्मिनल ओढून काढा, स्विच बंद करून काही होत नाही.

मॉडबसवर एक युनिट दिसतं, बाकीची नाहीत

मॉडबस म्हणजे ए आणि बी अशा दोन तारांवर बरीच युनिटं बोलतात ती पद्धत. दोघांना एकच स्लेव्ह आयडी (युनिटचा नंबर) दिलाय का बघा, मग बॉड रेट (बोलायचा वेग), मग पॅरिटी (चूक तपासायची सेटिंग). ए आणि बी चं लेबल प्रत्येक कंपनी आपल्या मनाने लावते, उलटून बघायला काही जात नाही. लाइनच्या दोन टोकांना, फक्त टोकांना, १२० ओहम. सप्लाय बंद करून ए आणि बी मध्ये मोजलं तर ६० च्या आसपास यायला हवेत, ४० आले तर कोणीतरी मधेच तिसरा लावलाय. आकडा वेडावाकडा येत असेल तर रजिस्टर एकाने मागेपुढे करून बघा.

तीन दिवस लावून ठेवलं आणि फाईलमध्ये चारच तासांचा डेटा!

लॅपटॉप झोपला. स्लीप बंद, यूएसबीचं पॉवर सेव्हिंग बंद, अपडेट पुढे ढकला, आणि राऊटर यूपीएसवर आहे का तेही बघा. माझ्या ओळखीतल्या एका पोरीचा एमईचा पूर्ण एक रन असा गेला, विंडोजने रात्री दोनला स्वतःला रीस्टार्ट करून घेतलं. तेव्हापासून मी सगळ्यांना दर तासाला नवी फाईल करायला लावतो.

फाईल एक्सेलमध्ये अर्धीच उघडते

एक्सेलमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, त्याच्यापुढचं तो दाखवत नाही. सेकंदाला एक ओळ म्हटलं तर १२ दिवसांत भरतं. रोजची वेगळी फाईल करा. तारखापण बघा, ५/६ ला कोणी ५ जून समजतं कोणी ६ मे, म्हणून वर्ष-महिना-दिवस असंच ठेवा. आणि ग्राफमध्ये दुपारी १२ चं ऊन सकाळी साडेसहाला दिसत असेल तर लॉगर यूटीसीवर आहे, साडेपाच तास पुढे करा.

काजूच्या भट्टीला लावता येईल का?

हा दर मार्चमध्ये येतो, आणि हो, येईल, मी लावून बघितलंय ओळखीतल्या एकांकडे. चार चॅनेल पुरे: भाणात (रस उकळायच्या भांड्यात) एक, वाफेच्या नळीत एक, लवणीवर (वाफ थंड होऊन दारू जमते त्या भांड्यावर) एक, आणि चौथा नुसता सावलीत हवेला. भाणाला स्टीलच्या नळीतला के टाईप घ्या, पाच सेकंदाला एक रीडिंग. अल्कोहोल उकळतं ७८ ला आणि पाणी १०० ला, त्यामुळे वाफेचा आकडा मधेच कुठेतरी सुरू होतो आणि अल्कोहोल संपत जाईल तसा हळूहळू वर चढतो, उराक (पहिल्या धारेची काजूची दारू) कधी पातळ व्हायला लागला ते ग्राफवर सरळ दिसतं. लवणीचा चॅनेल बघायला मजा येते, करवतीच्या दातांसारखा, भट्टीवाले काका वरून तांब्याने पाणी ओततात तेव्हा खाली, मग परत वर. त्यांनी दोन दिवस तो स्क्रीन बघितला आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, लाकूड कमी कर असं हे कधी सांगणार? मी म्हटलं ते नाही सांगत. मग ते बघायचे बंद झाले.

लॉगर भट्टीपासून निदान पाचसहा मीटर लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवा, अल्कोहोलच्या वाफेला ठिणगी पुरते. आणि बोंडूचा (काजूच्या फळाचा) रस टर्मिनलवर उडाला तर लगेच पुसा, दुसऱ्या दिवशी मुंग्या येतात.